तीन खाचा, पाच खाचा

२८ जुलै २०१९, रविवार

मार्लाचा फोन आला. मार्चनंतर पहिल्यांदा. मी परसात काकड्या तोडत होतो. धावत आत आलो तरी फोन बंद व्हायच्या बेतात होता.

"डॅडी, एक सप्टेंबरला मी येतेय. होल्यांच्या शिकारीचा मोसम सुरू होतोय त्या दिवशी. आईच्या बंदुकीनं मारायचेत मला."

"ये," मी म्हणालो.

"बंदूक तयार ठेवायला बेनीमामाला सांगू का?"

"मी ठेवतो."

"तुम्ही?" ती म्हणाली. "बरं. आणि येईन तेव्हा आईच्या वस्तू घेऊन जाईन. मग पुन्हा पुन्हा फेरी नको."

फोन ठेवल्यावर ते शेवटचं वाक्य मी दोनदा मनात म्हणून पाहिलं. मार्लाचं ह्यूस्टन इथून तीन तासांवर आहे. पुन्हा फेरी नको म्हणजे काय ते मला समजतं.

माझ्या औषधांच्या दुकानाचं नाव छापलेल्या कोऱ्या वह्या घरात पडून आहेत, त्यातली ही एक. लिहायची सवय नाही. पण घरात बोलायला कोणी नाही, आणि काही गोष्टी बेनीशी बोलता येत नाहीत.

मार्चमध्ये माझ्या बायकोला, लोरीनला, पुरून निघताना दफनभूमीच्या फाटकाशी मार्ला मला म्हणाली होती, "डॉक्टर म्हणाले, दुखणं निदान दोन वर्षांचं आहे. तुम्ही औषधवाले. चाळीस वर्षं औषधं दिलीत सगळ्या गावाला. तुम्हाला माहीत असणारच. आणि तुम्ही दोघांनी मिळून माझ्यापासून लपवलंत."

खरं असं आहे की या वर्षीच्या नऊ जानेवारीपर्यंत मला काहीच माहीत नव्हतं. लोरीनलाही तेव्हाच कळलं असं मी धरून चाललो आहे. मार्लाला मी हे अजून सांगितलेलं नाही.

३० जुलै, मंगळवार

बंदुकीचं कपाट उघडलं. किल्ली शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली होती. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात या कपाटाला मी हात लावला नव्हता. लोरीन शिकार करायची, मी पिसं काढून रांधायचो. यावरून हसणारे लोक हसून हसून थकले.

वीस बोअरची बंदूक, एका नळीची. स्वच्छ होती. नळीच्या तोंडाशी आट्यांची एक छोटी नळकांडी बसते, तो चोक. चोक घट्ट असला की छरे लांबपर्यंत एकत्र जातात. मोकळा असला की लगेच पसरतात. कोणता ते कडेवरच्या खाचांवरून ओळखायचं. एक खाच म्हणजे सगळ्यात घट्ट, पाच म्हणजे सगळ्यात मोकळा. लोरीनचा तीन खाचांचा. हे मलाही माहीत आहे, कारण दर मोसमाच्या पहिल्या संध्याकाळी तिचा भाऊ बेनी बियरचा डबा उंचावून ओरडायचा, "तीन खाचांची लोरीन!" विजेच्या तारांवरून उंच जाणारे होले, कबुतरापेक्षाही लहान पाखरं, ती शेताच्या कोपऱ्यावरून पाडायची. या भागात तसे पाडणारे पुरुषही फार नाहीत.

बंदुकीत पाच खाचांचा चोक निघाला.

मी चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. पाचच. तीन खाचांचा एका डबीत होता, ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून. पुष्कळ दिवस लागणार नसलेली वस्तू ठेवतात तसा.

कोणी उसनी नेली असेल. पण लोरीन कोणाला बंदूक देत नसे.

४ ऑगस्ट, रविवार

मिसाची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या अंगणात बेनीला गाठलं. तो सॉसेजच्या शेगडीपाशी उभा होता. दोन्ही हात तेलकट, टोपी मागे सरकलेली.

"बेनी, होल्यांना कुठला चोक चांगला?"

त्याने चिमटा खाली ठेवला. "ए जेरी, इकडे ये रे! औषधवाला चोक विचारतोय! उद्या फादर लग्न करतील!"

"मार्ला येतेय. बंदूक तयार ठेवायची आहे."

त्याचं हसू आवरलं. "येतेय? चांगलं झालं." मग चिमटा पुन्हा उचलून सॉसेज उगाच फिरवत राहिला. "हे बघ, कुठे उभं राहायचं त्यावर सगळं आहे. तळ्यावर होले पाणी प्यायला खाली येतात, पंधरा-वीस यार्डांवर. तिथे मोकळा. तारांखाली, तीस-पस्तीस यार्डांवर, तिथे घट्ट. छरेही तसेच. साडेसात नंबर लांबचे. नऊ नंबर अगदी बारीक, जवळचे. लांबवर नऊ नंबर मारलास तर होल्याला नुसत्या गुदगुल्या होतील."

"लोरीनच्या बंदुकीत पाच खाचांचा होता."

"असेल," तो म्हणाला. "हे दोन घेऊन जा, करपायला लागलेत."

माझ्या हातात कागदात बांधलेले सॉसेज देऊन तो दुसऱ्या माणसाशी बोलायला लागला. बेनी हल्ली आठवड्यातून दोन-तीनदा माझ्याकडे येतो. कधी टोमॅटो आणतो, कधी गवत कापायचं यंत्र बघतो म्हणतो. बायकोशी पटत नसावं.

८ ऑगस्ट, गुरुवार

कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय मला कळत नाही. खाटकाच्या दुकानातून गुलाबी कागदाचं भेंडोळं आणलं आणि बेनीच्या कुरणात गेलो. ज्वारीची कापणी झाली आहे. सडाची रानं पांढरी पडली आहेत आणि सांडलेल्या दाण्यांवर होले आत्ताच उतरायला लागले आहेत.

लाकडी चौकटीवर कागद ताणला. दोरी आणि पेन्सिलीने तीस इंचांचं वर्तुळ काढलं. आधी वीस यार्ड, मग पस्तीस.

"दस्ता खांद्याला घट्ट लाव," बेनी म्हणाला. "गाल टेकव. अरे, बंदूक आहे, सासू नाही, जवळ घे."

आयुष्यातला पहिला बार मी सहासष्टाव्या वर्षी उडवला. कागदावर काहीच लागलं नाही. चौकटीच्या पायाचा टवका उडाला.

"खुंट मेला," बेनी म्हणाला. "रोज पंधराच मारायची मुभा असते. चौदा राहिले."

नंतर जमलं. तीन खाचा, साडेसात नंबरचे छरे, एक औंस, पस्तीस यार्ड. कागद गाडीच्या मागच्या फळीवर पसरून मी भोकं मोजली. औषधाच्या गोळ्या मोजायचो तशीच, पाच-पाच करत, दुकानातल्या त्याच चपट्या पात्याने. बेनी वाट बघत शिव्या देत होता. साडेतीनशेपैकी दोनशे एकेचाळीस वर्तुळात. सारखे पसरलेले. कुठेही होला निसटेल एवढी फट नाही.

मग पाच खाचांचा लावून तीच काडतुसं. एकशे सत्तर. मधे मधे वीतभर मोकळी जागा.

"यातून होला हसत हसत जाईल," बेनी म्हणाला.

"मग लोरीननं हा का लावला होता?"

तो गाडीकडे गेला आणि काडतुसांची एक पिशवी घेऊन आला. घरी भरलेली, टोकं हाताने मुडपलेली. "ही तिची. मी भरून दिलेली. नऊ नंबर, पाऊण औंस, दारू कमी. हिच्याबरोबर पाच खाचांचा."

वीस यार्डांवर ती उडवून पाहिली. बंदुकीने खांद्याला धक्का दिलाच नाही म्हणा ना. कागदावर मात्र सगळं वर्तुळ चाळणीसारखं भरलं होतं.

"कधी भरून मागितली?"

"झाली दोन वर्षं. ऑगस्टच होता." तो पिशवीची गाठ बांधत होता. "खांदा दुखतो म्हणाली. हलकी कर म्हणाली. एर्विनला सांगू नकोस, हसेल, असं म्हणाली."

"मी हसलो नसतो."

"मला काय माहीत," बेनी म्हणाला.

९ ऑगस्ट

खांद्यावर काळानिळा डाग उठला आहे, बशीएवढा. एक औंसाची काडतुसं दहा उडवली त्याचा. हा मला दहा बारांत झाला. ती एका मोसमात दोनशे तरी उडवायची.

१० ऑगस्ट, शनिवार

आज तिचं शिकारीचं जाकीट खुंटीवरून काढलं. मार्लाला द्यायचं म्हणून खिसे रिकामे करत होतो. पिसं, तिकिटाचा तुकडा, नऊ नंबरची तीन काडतुसं. आतल्या खिशात औषधाची बाटली.

लेबल माझ्या दुकानाचं नव्हतं. चाळीस मैलांवरच्या शहरातलं होतं. नाव लोरीन मातुला. तारीख १४ सप्टेंबर २०१७. औषधाचं नाव मी इथे लिहीत नाही. तीन अक्षरं वाचली आणि ते कशावर देतात ते मला समजलं. दुसऱ्या कोणाला लेबल पुरतं वाचावं लागलं असतं.

तेव्हा माझं दुकान चालू होतं. ती रोज दुपारी माझा डबा घेऊन दुकानात यायची. गावातल्या प्रत्येकाच्या पोटात काय जातं ते मला ठाऊक होतं. कोणाला साखर, कोणाला झोप येत नाही, कोण बायकोला न सांगता काय घेतो. माझी बायको चाळीस मैल गाडी चालवून जात होती. शिवणकामाच्या मंडळाला जाते म्हणायची.

२०१८च्या डिसेंबरात दुकानाला चाळीस वर्षं पुरी व्हायची होती. तोवर कुठे जायचं नाही, मग तू म्हणशील तिथे जाऊ, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. ३१ डिसेंबरला मी दुकान बंद केलं. नऊ जानेवारीला तिने मला सांगितलं. तोवर निभावलं, मग एकाएकी वाढलं असणार. असं होतं या दुखण्यात.

११ ऑगस्ट, रविवार

काल लिहायची एक गोष्ट राहिली.

गेल्या सप्टेंबरात तिने चारच होले आणले. उंचावरून जात होते म्हणाली. मी नेहमीसारखे केले, छातीचं मांस, मधे हिरवी मिरची, वर बेकन गुंडाळून शेगडीवर. पहिल्याच घासाला दाताखाली बारीक छरा आला. मग दुसरा. एवढे बारीक छरे आमच्या ताटात कधी नसत.

मी कुरकुर केली. "हे काय मोहरीसारखं वापरायला लागलीस? दात जाईल एखाद्याचा."

ती म्हणाली, "जवळून मारले."

मी म्हटलं, "बरं," आणि सॉस घेतला.

आज मिसाला गेलो नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर विचार केला. काय केलं ते लिहून ठेवतो.

बंदुकीत तीन खाचांचा चोक बसवला. पाच खाचांचा डबीत ठेवला. कारणं अशी. एक, पस्तीस यार्डांवर दोनशे एकेचाळीस आणि एकशे सत्तर यांत फरक मोठा आहे. दोन, मार्ला कोपऱ्यावर उभी राहणार, तिथे आईच उभी राहायची असं ती मानते. तीन, सगळं गाव लोरीनला तीन खाचांनीच ओळखतं, मुलीनेही तसंच ओळखावं.

कारणं पुन्हा वाचली. तिन्ही बरोबर आहेत.

मार्लाला बंदुकांतलं कळतं. पाच खाचा दिसल्या तर ती विचारणार, कधीपासून? मग बाटली. मग मी. मी लपवलं असं ती समजते, तर निदान मला माहीत होतं असं तरी समजते. माहीत असून गप्प बसणारा नवरा एक वेळ चालेल. एकाच टेबलावर जेवून, एकाच पलंगावर झोपून, औषधाचं दुकान असून ज्याला काही दिसलं नाही, अशा माणसाकडे ती कशाला येईल?

२४ ऑगस्ट, शनिवार

मार्लाचा फोन.

"बंदूक झाली?"

"झाली. कागदावर उडवून पाहिली. साडेसात नंबरची चार खोकी आणली आहेत."

"तुम्ही उडवलीत?" ती हसली असावी, नीट ऐकू आलं नाही. "आणि चोक?"

"तीनचा आहे."

"होताच ना तो? आईनं बदलला नव्हता ना?"

"नाही," मी म्हणालो.

हा शब्द मी फार पटकन बोललो. नंतर काकड्यांना पाणी घातलं. सकाळी घातलेलं होतं.

२७ ऑगस्ट, मंगळवार

बेनी कलिंगड घेऊन आला. कपाट उघडं होतं. त्याने बंदूक उचलली, रिकामी आहे का पाहिली आणि नळीचं तोंड उजेडाकडे धरलं.

"बदललास?"

"पस्तीस यार्डांवर हाच बरा. तूच म्हणालास."

"मी कागदाबद्दल म्हणालो." तो खुर्चीत बसला. बराच वेळ कलिंगड कापलं नाही. "एर्विन, दोन वर्षं मी काडतुसं भरून देत होतो. ऑगस्टात द्यायचो, मग ऑक्टोबरात पुन्हा. दर वेळी म्हणायची, अजून थोडी हलकी कर. मला खांद्याचं दुखणं काय ते कळत नाही का? आमच्या आईचाही कॅन्सर हाडांतच गेला होता. मी दारू मोजायचो आणि गप्प बसायचो. तुला सांगायला हवं होतं मी."

"तिनंच नको म्हटलं होतं."

"तिनं नको म्हटलं होतं," तो म्हणाला. "म्हणून मी ऐकलं. आता तू मुलीला काय सांगणार आहेस?"

"काही नाही. बंदूक देणार."

"औषधवाल्या, तुझ्यापेक्षा तो खुंट शहाणा," बेनी म्हणाला. मग सुरी मागितली आणि कलिंगड कापलं. आम्ही दोघांनी अर्धं संपवलं.

टोमॅटो का आणत होता ते आज समजलं. बायकोशी त्याचं पटतं.

३१ ऑगस्ट, शनिवार

मार्ला चारला आली. केस कापले आहेत. दारातून आत येताना लोरीनसारखी डाव्या हाताने चौकट धरते, हे मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मोसम उद्या रविवारी सुरू होतो, सकाळची प्रार्थना चुकणार, म्हणून आज संध्याकाळच्या मिसाला सगळं गाव आलं होतं. अर्धे पुरुष शिकारीच्याच कपड्यांत. फादरनी प्रवचन सहा मिनिटांत आटोपलं. शेवटी म्हणाले, "देवाच्या पाखरांवर दया करा. तुमचा नेम पाहता ती तुम्ही करताच." लोक मोठ्याने हसले. मार्लाही हसली. माझ्याकडे पाहिलं आणि हसू थांबवलं.

घरी आल्यावर तिने बंदूक तपासली. खाचांवरून अंगठा फिरवला. "तीन," ती म्हणाली, जपमाळेचा मणी मोजावा तसं. मग आईचं कपाट उघडून खोकी भरायला बसली. चार खोकी भरली. दोन रिकामी आणली आहेत, ती उद्यासाठी.

पाच खाचांचा चोक मी डबीतून काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला आहे. का ते सांगता येत नाही. डबी ती घेऊन जाईल, एवढंच कारण असेल.

१ सप्टेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

पहाटे साडेपाचला बेनीच्या रानात पोचलो. मार्ला कोपऱ्यावर, तारांखाली उभी राहिली. मी गाडीपाशी. उजाडता उजाडता होले आले. उंच, वेगात, वाऱ्यावर. तिने पहिला बार केला, मग दुसरा, मग तिसरा. काही पडलं नाही. आजूबाजूच्या रानांतून फाट फाट आवाज येत होते, लोकांचे होले पडत होते. आठ वाजेपर्यंत तिने एक खोकं संपवलं होतं. पंचवीस काडतुसं, दोन होले. एक जखमी होऊन सडात शिरला, तो आम्हाला पाऊण तास शोधूनही मिळाला नाही. शोधताना ती रडत होती. होल्यासाठी रडते असं मला वाटलं.

गाडीपाशी येऊन तिने बंदूक उघडी करून फळीवर ठेवली आणि खांदा चोळला.

"आईला कसं जमायचं हो? हाच चोक, हीच काडतुसं, हीच जागा. गेल्या वर्षी आजारी असून चार आणले तिनं. मला धडधाकट असून येत नाहीत. माझ्यात तिचं काहीच नाही."

मी हो-नाही म्हणून वेळ मारून नेऊ शकलो असतो. वारा आहे म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण तिने शेवटचं वाक्य म्हटलं.

मी खिशातून चोक काढून फळीवर ठेवला.

"तिनं ते याने आणले. पाच खाचांनी. तळ्यावरून."

तिने तो उचलून खाचा मोजल्या.

"तुम्ही म्हणालात बदलला नव्हता."

"मी बदलला. दोन आठवड्यांपूर्वी. तिनं २०१७ सालीच बदलला होता. काडतुसंही हलकी करून घेतली होती, बेनीकडून. खांदा दुखायचा तिचा. औषधं ती चाळीस मैलांवरून आणायची, म्हणजे माझ्या हाती चिठ्ठी पडायला नको. मला जाकिटात बाटली सापडली, आत्ता, ऑगस्टात."

"आत्ता?"

"मला माहीत नव्हतं, मार्ला. जानेवारीपर्यंत काहीच माहीत नव्हतं. तू म्हणालीस मी लपवलं, तेव्हा मी गप्प बसलो, कारण..." पुढचं वाक्य मला नीट करता आलं नाही. "माझ्या दाताखाली बारीक छरे आले होते. मी तिच्यावर कुरकुर केली. का म्हणून विचारलं नाही."

ती चिडली. तिचा आवाज शेजारच्या रानापर्यंत गेला असेल. "पाच महिने! पाच महिने मी तुमच्याशी बोलले नाही! आणि तुम्ही ते तसंच चालू दिलंत! एक फोन, डॅडी, एक फोन करायचा होता, मला माहीत नव्हतं म्हणायचं होतं! एवढं जड होतं?"

"हो," मी म्हणालो.

ती गाडीच्या फळीवर बसली. काडतुसाचं रिकामं खोकं हातात घेऊन त्याच्या कडा चुरगाळत राहिली.

"दोन वर्षांपूर्वी मी आले होते मोसमाला," ती म्हणाली. "आई म्हणाली, आज कोपरा तू घे. मी तळ्यावर बसते. बसते म्हणाली. बादली उलटी करून बसली होती. ती कधी बसायची का शिकारीत? मला वाटलं, अखेर कोपरा मला मिळाला. एवढा आनंद झाला होता मला, डॅडी. मी विचारलं नाही तिला का बसलीस म्हणून."

मी तिच्याशेजारी फळीवर बसलो.

दुपारी घरी जाऊन दोघेही झोपलो. साडेपाचला तिने मला उठवलं. चोक फिरवायची किल्ली घेऊन तिने स्वतः तीन खाचांचा काढला, पाच खाचांचा बसवला. जाकिटातली तीन काडतुसं आणि बेनीच्या पिशवीतली उरलेली घेतली. तळ्यावर आईची बादली अजून होती, पत्र्याची, तळाला गंजलेली.

"बसा," ती मला म्हणाली.

मी बसलो. ती माझ्या बाजूला गवतात गुडघ्यावर. होले पाण्यावर खाली उतरताना पंख आखडून घेतात आणि क्षणभर थांबल्यासारखे वाटतात. पहिला तिने तिथेच टिपला. अठरा-वीस यार्ड असेल. आवाजही निम्मा. मग आणखी तीन. चार झाल्यावर तिने बंदूक रिकामी केली.

"अजून उजेड आहे," मी म्हणालो. "मुभा पंधराची आहे."

"पुरे," ती म्हणाली.

पिसं मी काढली. मिरच्या तिने चिरल्या, बेकन तिने गुंडाळलं, चुकीच्या बाजूने, मी काही बोललो नाही. बेनी बियर घेऊन आला. परसात शेगडीपाशी उभा राहून सवयीने डबा उंचावला आणि "तीन..." म्हणून अडकला. आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

"पाच, मामा," मार्ला म्हणाली.

बेनीने डबा खाली घेतला. मग पुन्हा वर नेला. "पाच खाचांची लोरीन," तो म्हणाला, ओरडला नाही. आम्ही प्यायलो.

जेवताना मार्लाच्या दाताखाली छरा आला. तिने तो बोटावर घेऊन पाहिला आणि ताटलीच्या कडेला ठेवला. बारीकसा आवाज झाला. थोड्या वेळाने मलाही एक मिळाला. मी तो तिच्या छऱ्याशेजारी ठेवला.

तिने काटा डाव्या हातात घेतला होता. उजवा हात मांडीवर ठेवून जेवत होती. सकाळची पंचवीस काडतुसं एक औंसाची होती.

"खांदा दुखतोय का?" मी विचारलं.

"नाही तितका."

"कुठे दुखतोय?"

तिने काटा खाली ठेवला, सदऱ्याची कॉलर बाजूला केली आणि दाखवलं.